डाव्या खांद्याची बंदूक

वाइडेनरोडा गावात टपाल वाटणाऱ्या ट्राउडल आबिख्तला एक खोड होती. कोणतीही वस्तू दिसली की तिच्यात डोकावल्याशिवाय तिला चैन पडत नसे. लोकांची पत्रं ती उघडत नसे, तेवढी लाज तिला होती. पण पाकिटावरचं अक्षर बघून आत लग्न आहे की भांडण, हे ती सांगायची आणि बहुतेक वेळा ते खरं निघायचं. विहीर, कोंबड्यांचं खुराडं, डॉक्टरांची बॅग, पाद्रीबाबांच्या मोटारीचं इंजिन, सगळीकडे हिचं नाक. नवरा आर्नो म्हणायचा, "हिला स्वर्गाच्या दारात उभं केलं, तर आत जायच्या आधी बिजागऱ्या तपासेल."

ही खोड लावली तिच्या मामाने. मामा सूल शहरात, बंदुकांच्या कारखान्यात नळ्या जोडायचा. दुसरं महायुद्ध संपून वर्ष-दोन वर्षं झाली होती. ट्राउडल शाळकरी होती, आणि आईबरोबर बटाट्याच्या पिठाची पिशवी घेऊन मामाकडे गेली होती. मामाने तिला कामाच्या जागी नेलं, खिडकीपाशी उभं केलं आणि एकत्र जोडलेल्या तीन नळ्या तिच्या हातात दिल्या. दस्ता नाही, चाप नाही, नुसत्या नळ्या. वर शेजारीशेजारी दोन मोठ्या, खाली मधोमध एक बारीक.

"बघ आतून," मामा म्हणाला.

वरच्या दोन नळ्यांतून उजेड सरळ, गुळगुळीत येत होता. खालच्या बारीक नळीत मात्र तो वळणं घेत येत होता.

"ही वळणं कशाला?"

"गोळी फिरत जावी म्हणून. म्हणजे ती लांब जाते आणि सरळ जाते."

"आणि वरच्या?"

"त्यात छर्रे. ससा, बदक, कोल्हा. खालचीत गोळी, ती हरणाला नाहीतर डुकराला. रानात पुढ्यात काय येईल ते आधी थोडंच कळतं? म्हणून तिनळी."

"मग ही एक असली की झालं?"

"झालं."

"तुझ्याकडे आहे?"

मामा हसला. "ह्या सगळ्या आगगाडीत बसून परदेशी जातात गं. आपण फक्त जोडायच्या." आणि मग तिच्याकडे निरखून म्हणाला, "अगं, तू डाव्या डोळ्याने बघतेस की!"

"मग?"

"मग काही नाही. तुला बंदूक मिळणं जरा अवघडच."

ट्राउडल डावखुरी होती. शाळेत बाईंनी पट्ट्या मारून तिला उजव्या हाताने लिहायला लावलं, चमचाही उजव्या हातात आणवला. पण डोळ्याला काही कोणाला पट्टी मारता आली नाही. किल्लीच्या भोकातून, कुंपणाच्या फटीतून, भिंगातून ती जन्मभर डाव्यानेच बघत राहिली. आणि ती तिनळी तिच्या मनातून कधी गेली नाही.

मोठी झाल्यावर ती गावच्या शिकार मंडळात शिरली. सगळे पुरुष, ही एकटी बाई. त्या काळात आमच्याकडे कोणाच्या घरी बंदूक नसायची. मंडळाच्या चार दुनळ्या पोलीस ठाण्याच्या कपाटात कुलपात असायच्या. शनिवारी सही करून न्यायची, रविवारी परत आणून द्यायची, काडतुसं मोजून. चारही बंदुकांचे दस्ते उजव्या खांद्यासाठी किंचित वाकवलेले. ट्राउडलने मुकाट्याने बंदूक उजव्या खांद्याला लावली आणि डावा डोळा मिटायला शिकली. सशाच्या मागे बार काढायची, कधी लागायचा, बरेचदा नाही. मंडळी म्हणायची, "ट्राउडल, टपाल नेहमी थोडं उशिराच पोचतं, नाही का?"

तिनळी मात्र चारांत एकही नव्हती. सूल अर्ध्या दिवसाच्या वाटेवर, आणि तिथे घडणारी बंदूक आमच्या माणसाला नुसती बघायलाही मिळू नये, याचा तिला फार राग यायचा. आणि रागापेक्षा जास्त कुतूहल. एकाच दस्त्यावर तीन नळ्या आणि चाप मात्र दोन, मग तिसरी नळी उडते कशी? हे तिला कोणी नीट सांगेना.

आमच्या गावामागे टेकडी, टेकडीवर देशाचे दोन तुकडे करणारी सरहद्द, आणि पलीकडे ग्राउबाख हे गाव. तिथल्या चर्चची घंटा आम्हाला ऐकू यायची, आमची त्यांना. माणसं मात्र एकमेकांना दिसायची नाहीत. अशातच एकाहत्तर सालच्या नोव्हेंबरात ते टाकीचं प्रकरण झालं.

शनिवार होता. मंडळाची एकच बंदूक बाहेर होती, ती ट्राउडलकडे. ती बीटच्या शेतात सशासाठी हिंडत होती, ससा काही निघाला नव्हता. दिवस मावळतीला आला आणि कुठेतरी एक बार झाला. दरीत आवाज कुठून आला ते कळत नाही. थोड्याच वेळात गुराखी रूडी बोंबलत आला की कालवडींच्या पाण्याच्या टाकीला भोक पडलंय. जाड पत्र्याची मोठी टाकी, टेकडीखाली गोठ्याजवळ. मग सायरन, कुत्री, दिवे, सैनिक. सरहद्दीच्या गावात बार म्हणजे गंमत नव्हती.

"मी बार काढलाच नाही. काडतुसं मोजा," ट्राउडल म्हणाली.

मोजली. बरोबर भरली. "जास्तीचं एखादं खिशात असेल," ठाण्याचे साहेब म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ती टाकी बघायला गेली. न जाऊन कशी राहील? रूडीने बीच झाडाच्या लाकडाची खुंटी तासून भोकात ठोकायला घेतली होती. "थांब," म्हणत तिने भोकात करंगळी घालून बघितली. जेमतेम बसली. मंडळाच्या दुनळीतून एकटी गोळी झाडली तर भोक अंगठ्याहून मोठं पडतं, हे गावातल्या कोणत्याही शिकाऱ्याला ठाऊक होतं. तिने ते साहेबांना जाऊन सांगितलं.

"आबिख्तबाई," साहेब म्हणाले, "तुम्ही आपलं टपाल वाटा."

त्यांनाही ते दिसत असणारच. पण गोळी पलीकडून आली म्हटलं तर वरपर्यंत जबाब द्यावे लागणार, आणि गावातल्या एका बाईची चूक म्हटलं की प्रकरण गावातच मिटतं. ट्राउडलची दोन वर्षं शिकार बंद झाली. तुरुंग टळला हेच नशीब, असं आर्नो म्हणाला. गावात तिचं नाव पडलं टाकीवाली. पोरंसोरं, म्हातारेकोतारे, सगळे. "आर्नो, तुझी टाकीवाली आली का घरी?" सायकलची घंटा वाजवत ती फाटकाशी आली की आतून आवाज यायचा, "कोण, टाकीवाली? ठेव तिथंच!" ती हसायची. हसण्याशिवाय दुसरं काय करणार? पण करंगळीएवढं ते भोक तिच्या डोक्यात तसंच उघडं राहिलं.

पुढे सरहद्द उठली, राज्य बदललं, मंडळ मोडलं. त्यातली एक दुनळी ट्राउडलने रीतसर परवाना काढून विकत घेतली. आणि दोन-तीन वर्षांतच तिचा उजवा डोळा दगा देऊ लागला. मधोमध एक धुरकट डाग. ज्याकडे बघावं तेच नेमकं दिसेना, भोवतालचं सगळं दिसायचं.

"हा डाग जायचा नाही," डॉक्टर म्हणाले. "शिकार सोडा आता, आबिख्तबाई."

"आणि डावा?"

"डावा उत्तम आहे."

"मग त्याने काय पाप केलंय?"

घरी येऊन तिने दुनळी डाव्या खांद्याला लावली. उजवीकडे वाकवलेला दस्ता डाव्या खांद्यावर भलतीकडेच बघत होता. दोन-चार बार काढले तर दस्त्याने गालफड सुजवलं. रविवारी बटाट्याच्या गोळ्यांवर रस्सा वाढता वाढता आर्नो म्हणाला, "मला खरं सांग. गालावर मारणारा ससा होता की दुसरा कोणी?"

"थट्टा करू नकोस. डाव्या खांद्याची बंदूक मिळाली नाही तर माझं रान संपलं, आर्नो."

आर्नोने पळी खाली ठेवली. तो शिकारी नव्हता, त्याला रक्त बघवत नसे. पण पहाटे उठून मचाणावर जाऊन बसणारी ही बाई घरात बसवली तर तिचं काय होईल, हे त्याला कळत होतं.

"मग डाव्या खांद्याची घे. आणि घ्यायचीच आहे तर ती घे," तो म्हणाला. "तीन भोकांची. लग्न झाल्यापासून ऐकतोय मी तिच्याबद्दल."

अशी ती शोधाला लागली. शिकाऱ्यांच्या मासिकातल्या जाहिराती, सूलची दुकानं, मेलेल्या शिकाऱ्यांच्या बायका, मुलं, जावई. तिनळ्या आता हव्या तेवढ्या होत्या. पण सगळ्या उजव्या. एका ठिकाणी डावी म्हणून बोलावलं आणि गेल्यावर कळलं की विकणाऱ्याला बंदूक धरताच येत नव्हती, तो ती उलटी धरत होता. एकीचा दस्ता तडकलेला. एक खरोखरच डावी निघाली, पण ती ज्याच्यासाठी घडवली होती तो माणूस ताडमाड असावा. ट्राउडलचा हात चापापर्यंत पोचेना. तरी प्रत्येक बंदूक तिने बिजागरीवर मोडून, नळ्या खाली झुकवून आत बघितली, प्रत्येक मालकाला पिडलं. दोन चापांवर तीन नळ्या कशा उडतात तेही एकदाचं समजलं.

ते समजावलं सूलच्या फोल्कमार एलेने. एले म्हातारा बंदूकवाला, बोटांना तेलाचा वास. शिकाऱ्याशिकाऱ्यांत आमच्याकडे अहोजाहो नसतं, पहिल्या भेटीतच तू.

"अंगठा आणि बोट जुळवून गोल कर," एले म्हणाला. "त्यातून माझं नाक बघ. आता एकेक डोळा मीट."

उजवा मिटला, नाक जागच्या जागी. डावा मिटला, नाक गोलातून निघून गेलं.

"तुझा धनी डोळा, म्हणजे नेम जुळवणारा, डावा आहे, ट्राउडल. जन्मापासून. इतकी वर्षं तू उजव्याने मारत होतीस?"

"हो."

"आणि लागत होतं?"

"कधीमधी."

"मग तुझ्यासारखी नेमबाज सबंध प्रांतात नसेल. किंवा ससे आंधळे असतील."

ट्राउडल इतकी हसली की तिला खुर्चीवर बसावं लागलं. एवढी वर्षं मंडळींनी तिची टर उडवली होती आणि दोष खांद्याचा होता.

एलेने मग एक तिनळी काढली आणि वरचा खटका दाखवला, दस्त्याच्या मानेवर, अंगठ्याखाली येणारा. "हे नीट बघ. तुझ्या दुनळीवर या जागी सेफ्टी असते, पुढे ढकलली की बंदूक तयार. तिनळीवर सेफ्टी इथे, बाजूला. वरचा हा खटका वेगळा. तो मागे असेल तर पुढचा चाप छर्रे सोडतो. पुढे ढकललास की तोच चाप खालची गोळी सोडतो. खटका पुढे गेला की नेमाची ही पट्टी आपोआप वर उभी राहते, बघ, टुणकन. दुनळीवरून येणाऱ्यांचा अंगठाच त्यांचा वैरी असतो. छर्रे समजून गोळी सुटते, आणि गोळी कोसभर जाते."

"मी विसरेन होय?"

"सगळे असंच म्हणतात," एले म्हणाला. मग तिनळी बाजूला ठेवत म्हणाला, "तुझ्या मापाची एक आहे. लढाईच्या आधी इथेच घडलेली, डाव्या खांद्याची. ग्राउबाखला हॉप्फ म्हणून खाणावळवाला होता, त्याची. त्याची बायको वालबुर्गा दर वर्षी माझ्याकडे साफ करायला पाठवते. जाहिरात पण देते. पण विकत नाही."

"म्हणजे?"

"लोक जातात. ती कॉफी देते, केक देते आणि एकच विचारते, तुमचं गाव कुठलं? ते सांगितलं की म्हणते, माफ करा, द्यायची नाही. न्यूरेंबर्गचे आले, म्यूनिकचे आले, हॉलंडवरून एक आला. सगळे केक खाऊन परत."

"गावाशी काय संबंध?"

"ते मला ठाऊक असतं तर मी तुला सांगितलं नसतं? जा, विचार. तुझा तो धंदाच आहे."

ट्राउडलला त्या रात्री झोप नाही. बंदूक ग्राउबाखला, टेकडीपलीकडे, जिथली घंटा ती जन्मभर ऐकत आली होती. आणि गावाचा प्रश्न! दुसऱ्या दिवशी टपाल वाटून झाल्याबरोबर तिने सायकल टेकडीवर काढली.

वालबुर्गा हॉप्फ ऐंशीच्या घरातली, काटकुळी, पाठ ताठ. तिने बंदूक काही बाहेर काढली नाही. कॉफी ओतली, प्लमचा केक कापला आणि विचारलं, "गाव कुठलं तुमचं?"

"वाइडेनरोडा."

कॉफीची किटली हवेत तशीच राहिली. ट्राउडल 'माफ करा' ऐकायच्या तयारीत होती, पण तसं झालं नाही. म्हातारीने किटली खाली ठेवली आणि भलतंच विचारलं.

"तुमच्याकडे टेकडीखाली एक गोठा आहे ना?"

"आहे."

"तिथे माणसं असतात?"

"गुरं असतात. आणि एक रूडी. तो माणसांत मोडतो की नाही ते बघावं लागेल."

वालबुर्गा हसली नाही. उठून आतल्या खोलीत गेली आणि बंदूक घेऊन आली.

ट्राउडलने ती मोडून आतून उजेडाकडे धरली. वर दोन गुळगुळीत, खाली एक वळणांची. मामाच्या खिडकीतला तोच उजेड. लोखंडावर एका बाजूला ससा कोरलेला, दुसऱ्या बाजूला हरीण. तिने नळ्या मिटल्या, डोळे मिटले, बंदूक डाव्या खांद्याला लावली आणि डोळे उघडले. डाव्या डोळ्यापुढे नेम आधीच जुळून उभा होता. साठीला टेकलेल्या बाईचे डोळे भरून आले आणि तिला स्वतःचीच लाज वाटली.

"तुमचे यजमानही डावखुरे?"

"लेओनहार्ड. सासऱ्यांनी मुद्दाम सूलला करवून घेतली त्याच्यासाठी. चला, आधी रानात चालवून बघा. शिकारीची हद्द माझ्या पुतण्याची आहे, त्याला सांगून ठेवलंय. मग बोलू." आणि खुंटीवरचा नवऱ्याचा हिरवा कोट अंगात चढवून ती काठी घेऊन निघालीसुद्धा.

शेत टेकडीच्या माथ्यावर होतं, सरहद्दीच्या जुन्या पट्ट्याला लागून. ट्राउडलने छर्ऱ्यांची दोन काडतुसं भरली. "तिन्ही भरा," मागून वालबुर्गा म्हणाली. "तो तिन्ही भरूनच निघायचा." तिने खाली गोळीही भरली. नांगरलेल्या सरीतून दोघी चालू लागल्या, ट्राउडल पुढे, म्हातारी काठी टेकत मागे.

ससा अगदी पायाखालून उठला. बंदूक डाव्या खांद्याला कधी गेली हे ट्राउडलला कळलंच नाही. बाजूची सेफ्टी तिने आठवणीने काढली. आणि मग अंगठ्याने आपल्या जन्माच्या सवयीने वरचा खटकाही पुढे ढकलला. टुणकन पट्टी उभी राहिली. ससा, पट्टी, आणि दोघांच्या रेषेत पलीकडे उतारावर एक लाल छप्पर. तिच्या गावचा गोठा. गोठ्याशेजारी काहीतरी चमकत होतं.

तिने बोट चापावरून काढलं. ससा उड्या मारत, सरहद्दीवर गस्तीच्या गाड्यांसाठी टाकलेल्या जुन्या सिमेंटच्या फरशांवरून पलीकडे गेला.

तिने बंदूक मोडली, तिन्ही काडतुसं काढून खिशात टाकली. एलेला 'मी विसरेन होय' म्हणाली होती, आणि पहिल्याच सशाला विसरली. आता ही बंदूक गेली, असं तिला वाटलं. तिने मागे वळून बघितलं तर वालबुर्गा पांढरीफटक पडून काठीवर वाकली होती.

"तुम्ही थांबलात," म्हातारी म्हणाली.

"पट्टी दिसली."

"त्याला नाही दिसली. मी इथेच उभी होते, त्याच्या मागे. सकाळी हरणासाठी खटका पुढे केला होता, मागे घ्यायला विसरला. संध्याकाळी ससा उठला. बार झाला, ससा तसाच पळाला, आणि मागोमाग तुमच्याकडे सायरन. कुत्री. रात्रभर दिवे फिरत होते." तिला दम लागला. "मंगळवारी तुमच्या चर्चची घंटा वाजली. मंगळवारी घंटा वाजते ती मातीलाच. कोण होतं ते? बाई, खरं सांगा. मूल होतं का?"

ट्राउडल गोठ्याशेजारच्या त्या चमकणाऱ्या पत्र्याकडे बघतच राहिली. करंगळीएवढं भोक. फिरत जाणारी गोळी, लांब आणि सरळ. ती बंदूक तिच्या हातात होती.

"मंगळवारी?" ती सावकाश म्हणाली. "मंगळवारी बेकरीवाल्यांची म्हातारी पुरली. नव्वदीची. झोपेत गेली. सांत्वनाची पत्रं मीच वाटली."

"आणि गोळी?"

"पाण्याच्या टाकीला लागली."

वालबुर्गा तिथेच ढेकळांवर बसली. "टाकीला," ती म्हणाली. "टाकीला?"

"कालवडींच्या. कोणालाही काही झालं नाही."

"त्यानंतर त्याने बंदुकीला हात लावला नाही. कोणाला विचारणार? इकडे विचारलं तर पोलीस, तिकडे विचारायची सोयच नाही. सरहद्द उठली त्याच वर्षी उन्हाळ्यात तो गेला, ती उठायच्या दोन-चार महिने आधी. जाताना म्हणाला, वाली, बंदूक ठेव. कधीतरी तिकडचं कोणी येईल तिच्यासाठी."

"पण रस्ता आता उघडा आहे. तुम्ही का नाही आलात?"

"आले होते. तुमच्या गावच्या पाटीपर्यंत. तिथून परत फिरले. विचारलं नव्हतं तोवर निदान 'कदाचित' तरी होतं."

ट्राउडलला दया आली, आणि त्याच वेळी तेवढाच संतापही आला. दोन वर्षं. पोलीस ठाण्यातला बाक. आणि ते नाव, आजही फाटकाफाटकाशी मिळणारं.

"त्या दिवशी आमच्या गावात एकच बंदूक बाहेर होती, हॉप्फबाई," ती म्हणाली. "माझी. ती टाकी माझ्या नावावर बसली. गाव मला टाकीवाली म्हणतं. आज सकाळीसुद्धा म्हणाले."

वालबुर्गा माफ करा म्हणाली नाही, त्या शब्दात ते मावणारं नव्हतं. "मग मी आता काय करू?" तिने विचारलं.

"उठा. खाली चला माझ्याबरोबर. बंदुकीचं नंतर बघू."

दोघी उतरू लागल्या. जुन्या फरशा ओलांडल्या, चर ओलांडला, मग आमच्या बाजूचं गवत. चराशी ट्राउडलने म्हातारीला हात दिला आणि मग तो सोडला नाही. गोळी ज्या वाटेने गेली त्याच वाटेने त्या चालत होत्या. गोळीला डोळ्याचं पातं लवेपर्यंत पुरलं असेल, म्हातारीला चार वेळा थांबावं लागलं. दर वेळी ती पुढच्या छपराकडे बघे आणि पुन्हा निघे.

गोठ्याशी रूडी होता, आता दात गेलेला. ट्राउडलच्या हातात तिनळी बघून त्याने शीळ घातली. "आयला, टाकीवाली! मिळाली का शेवटी?"

"ऐकलंत?" ट्राउडल म्हणाली.

वालबुर्गा रूडीपुढे जाऊन उभी राहिली. "अहो," ती मोठ्याने म्हणाली, "ती टाकी हिने नाही फोडली. माझ्या नवऱ्याने फोडली. वरून, टेकडीवरून. गावाला सांगा."

रूडीने एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघितलं. मग टोपी काढून डोकं खाजवलं. "तरी मी म्हणत होतो," तो म्हणाला, "ट्राउडलचा नेम एवढा कुठला चांगला!"

ट्राउडलला आधी हसू फुटलं. मग म्हातारीलाही. इतकं, की दोघींना टाकीच्या काठाला धरावं लागलं.

तिथेच उभ्याउभ्या सौदा झाला. वालबुर्गाने जाहिरातीतला आकडा सांगितला, एक मार्कही सोडला नाही, आणि ट्राउडलनेही घासाघीस केली नाही. उपकारात मिळालेली बंदूक तिला नको होती. "नीट वापर," वालबुर्गा म्हणाली. शिकारी नसूनही तिने तू म्हटलं, आणि ते दोघींच्याही लक्षात आलं.

"आता ते भोक दाखव," ती म्हणाली.

टाकीच्या पत्र्यात, कमरेच्या उंचीवर, ती खुंटी अजून होती. बीचचं लाकूड काळं पडलेलं, फुगून घट्ट बसलेलं. वालबुर्गाने ती दोन्ही हातांनी धरून ओढली. हलेना. मग ट्राउडलने डावा हात लावला आणि खुंटी निघाली. करंगळीएवढी धार सुटली आणि म्हातारीच्या कोटावर, बुटांवर पडू लागली.

"बाई, लावा ती परत," रूडी ओरडला. "गुरांना प्यायला राहायचं नाही!"

"थांब जरा," वालबुर्गा म्हणाली. तिने ओंजळ धारेखाली धरली होती. ओंजळ भरून वाहत होती आणि ती नवऱ्याशी बोलत होती, हळू नाही, चांगली मोठ्याने, तो पलीकडच्या खोलीत असावा अशी.

"लेओनहार्ड, पाणी आहे रे. नुसतं पाणी."